रंग देणे आणि रंग राखणे

मोटारगाडीचा रंग हा काय कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात लिहिण्याचा विषय झाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी खुशाल तसे वाटून घ्यावे. आजचा तरुण, मैत्री, पहिला पाऊस या विषयांवर आपल्या अंकात दरवर्षी भरपूर लिहिले जाते आणि पुष्कळदा चांगलेही लिहिले जाते. मला यंदा एका साध्या, रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. फाटकातून आत शिरताना सायकल स्टँडच्या पलीकडे आपल्या प्राध्यापकवर्गाच्या गाड्या उभ्या असतात, त्या एकदा नीट पाहाव्यात. एखादीचा टप पांढुरका झालेला असतो, एखादीच्या बॉनेटवर हात फिरवला तर तळव्याला पीठ लागते. एक गाडी मुळात लाल होती हे तिचे दार उघडून आतला पत्रा पाहिल्याशिवाय पटत नाही. आणि या गाड्यांकडे पाहून जो तो एकच सल्ला देतो : "सर, आता एकदा रंग मारून घ्या."

माझे म्हणणे या सल्ल्याविरुद्ध आहे. विटलेला रंग म्हणजे मेलेला रंग नव्हे. बहुतेक वेळा तो परत आणता येतो, आणि परत आणलेला रंग थोड्या कष्टांत राखताही येतो. परंतु आपल्याकडे रंग देण्याची हौस मोठी आणि रंग राखण्याचा कंटाळा त्याहून मोठा, त्यामुळे जे पुसून निघाले असते ते आपण झाकून टाकतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या मामांचे तालुक्याच्या गावी डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे. दर सुट्टीत मी तेथे असतो, पॉलिश पेपर भिजवतो, कापडे धुतो आणि ऐकतो. तेथे ऐकलेले आणि नंतर मुद्दाम वाचून पडताळलेले असे जे काही गाठीशी आहे, ते मांडतो.

प्रथम थोडा इतिहास. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच तेलरंगाने आणि व्हार्निशने रंगवीत. एकावर एक हात द्यायचे आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचे, यात आठवडेच्या आठवडे जात. हेन्री फोर्डची मॉडेल टी गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात मिळत असे, हे अनेकांना ठाऊक असते. पुढे पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील ड्युपाँ या दारूगोळा करणाऱ्या कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून झटपट वाळणारा रंग काढला. बंदुकीच्या दारूचाच तो शांततेच्या काळातला भाऊ. जनरल मोटर्सने १९२३ साली ओकलंड नावाच्या गाडीवर तो निळ्या छटेत प्रथम वापरला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. त्या रंगाचे नाव होते 'ड्यूको'. आज तो मूळ रंग गाड्यांवर कोणी मारीत नाही, पण आपल्याकडे सुतार कपाटाला फवाऱ्याने रंग देतो तेव्हा अजूनही "ड्यूको मारला" असेच म्हणतो. वस्तू जातात आणि शब्द राहतात, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

ड्यूकोनंतर एनॅमल रंग आले. आपल्या जुन्या फियाट, अँबॅसडर, जीप यांपैकी अनेकींवर असा एकथरी रंग असे, म्हणजे सर्वांत वरच्या थरातच रंगाची पूड आणि तिला धरून ठेवणारे राळेसारखे द्रव्य एकत्र. अलीकडच्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग पातळसा रंग, आणि त्यावर संपूर्ण पारदर्शक असा 'क्लिअर'चा थर असतो. तकाकी असते ती या वरच्या थराची. रंग त्याच्या खाली काचेआडच्या चित्रासारखा बसलेला असतो. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावर अवलंबून आहे.

आता रंग विटतो म्हणजे काय होते? उन्हातील अतिनील किरण रंगाला बांधून ठेवणारे द्रव्य तोडतात. हवेतला प्राणवायू आणि पाणी त्यांना साथ देतात. एकथरी रंगात हे बंधन सुटले की पूड मोकळी होते आणि हाताला पिठासारखी लागते. पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांनी खडबडीत होतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो. खडबडीत पृष्ठभागावर तो चहूकडे विखुरतो, आणि या विखुरलेल्या पांढऱ्या प्रकाशात खालचा रंग बुडून जातो. तात्पर्य, पुष्कळदा रंग नाहीसा झालेला नसतो, तो आपल्याला दिसेनासा झालेला असतो.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. नदीतला गोटा पाण्यात असताना काळाभोर दिसतो आणि वाळला की राखाडी होतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. पाणी त्या गोट्याचे बारीक खड्डे भरून काढते, एवढेच. गाडीचेही तसेच. विटलेल्या बॉनेटवर ओले कापड फिरवावे. ओलेपणी रंग गडद आणि जिवंत दिसला, तर तो शाबूत आहे असे समजावे. ओला करूनही डाग, चट्टे आणि सुटलेले पापुद्रे तसेच दिसले, तर मात्र आशा कमी. मामा गाडी तपासतात ती अशी. यंत्र नाही, चष्मा नाही. एक बादली पाणी आणि एक पांढरे सुती कापड.

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी त्यांची लाल मारुती घेऊन आले. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. गुरुजींची गाडी त्यातल्या मधल्या काळातली. टप आणि बॉनेट गुलाबी झालेले, दारे त्यामानाने बरी. मुलीच्या घरी कार्य होते आणि त्याआधी गाडीला संपूर्ण रंग मारून हवा होता. पैसेही ते बरोबर घेऊन आले होते. मामांनी टपावर ओले कापड फिरवले. त्या पट्ट्यात गुलाबीचा लाल झाला. मग कापडाला थोडे सौम्य पॉलिश लावून एका कोपऱ्यात घासले, तर कापड लालभडक झाले. म्हणजे रंग एकथरी होता, वर क्लिअर नव्हता. कारण क्लिअर असता तर कापडाला रंग लागलाच नसता. मामा म्हणाले, "गुरुजी, रंग मेला नाही अजून. पैसे ठेवा खिशात. दोन दिवस गाडी ठेवून जा."

ते दोन दिवस मी त्या गाडीपाशी होतो, म्हणून क्रम सांगतो. आधी सावलीत उभी करून ती स्वच्छ धुतली. वाळूचा एक कण जरी राहिला तरी पुढे तोच कण कापडाखाली ओरखडे काढीत फिरतो. मग मातीच्या गोळ्यासारखा एक मऊ, चिकट गोळा साबणाच्या पाण्याने बुळबुळीत करून हलक्या हाताने पत्र्यावर फिरवला. धुऊनही न जाणारे डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची बारीक कणी त्याने उचलून घेतली. हाताला बोचणारा पत्रा काचेसारखा लागू लागला. नंतर काचांचे रबर आणि पत्र्याच्या धारदार कडा चिकटपट्टीने झाकल्या, कारण कडेवर रंग सर्वांत पातळ असतो आणि बफ मशीन तेथे क्षणभर जास्त थांबले की पत्रा उघडा पडतो. मग आले रबिंग. येथे मामांचा नियम असा की सर्वांत सौम्य पॉलिश, सर्वांत मऊ पॅड आणि एक वीतभर जागा, यांवर आधी प्रयोग करायचा. तेवढ्याने भागले तर पुढे जायचे नाही. भागले नाही तरच एक पायरी कडक माल घ्यायचा. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे करतात. सर्वांत जहाल कंपाउंडने सुरुवात करतात, रंग पटकन उजळतो, गिऱ्हाईक खूश होते, आणि रंगाचे उरलेले आयुष्य त्या दुपारी जमिनीवर सांडते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेणाचा हात देऊन झाल्यावर गुरुजी आले. ते गाडीभोवती एक फेरी मारून गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "ही घेतली तेव्हा अशीच होती." मजुरी संपूर्ण रंगकामाच्या मानाने फारच थोडी झाली. मामांचे त्या दिवशी नुकसान झाले असे कोणी म्हणेल, आणि हिशेबाने ते खरेच आहे. रंगाऱ्याची कमाई रंग मारण्यात असते, रंग न मारण्याच्या सल्ल्यात नसते. म्हणूनच तो सल्ला आपल्याला सहसा मिळत नाही. तो गिऱ्हाइकानेच मागितला पाहिजे, आणि मागण्यासाठी गिऱ्हाइकाला थोडे कळले पाहिजे. हा लेख लिहिण्याचे हे एक कारण.

मात्र रबिंगला मी संजीवनी म्हणत नाही. रबिंग म्हणजे वजाबाकी. खराब झालेला वरचा पापुद्रा काढायचा आणि खालचा चांगला उघडा करायचा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, आणि नव्या पद्धतीच्या गाडीत त्यातला क्लिअरचा थर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गाडीची सारी शोभा केसाहूनही पातळ अशा पडद्यावर उभी आहे. प्रत्येक रबिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन जातात. क्लिअरमध्ये अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तो थर झिजला की खालच्या रंगाची छत्रीच जाते. दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्या गाड्या चारपाच वर्षांत टपावर सोलपटू लागतात, त्याचे एक कारण हे. आणि क्लिअर एकदा सोलपटू लागला, सापाच्या कातीसारखे त्याचे पांढरे काठ दिसू लागले, की कोणतेही पॉलिश त्याला जोडू शकत नाही. तेथे तेवढा भाग घासून पुन्हा रंगवणे हाच उपाय. जो "पॉलिशने निघेल" म्हणतो तो गिऱ्हाइकाला फसवतो. तसेच पत्र्याला गंज लागला असेल तर आधी गंज काढलाच पाहिजे. मेणाखाली गंज थांबत नाही आणि लांबीखालीही थांबत नाही. तो आतल्या आत पत्रा खात राहतो.

मग जेथे गंज नाही, सोलपटणे नाही, केवळ विटलेपणा आहे, तेथे संपूर्ण रंग मारून घेण्यात वाईट काय, असे कोणी विचारील. पैसे ज्याचे त्याचे. याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर रंगाच्या गुणाचे. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असतो तेव्हाच त्याला गंजरोधक द्रवात बुडवतात, विजेच्या साहाय्याने तो थर कानाकोपऱ्यात बसवतात, आणि वरचे थर १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजतात. गॅरेजात हे होऊच शकत नाही. काचा, रबर, तारा, गाद्या बसवलेली गाडी त्या उष्णतेत कशी ठेवणार? म्हणून गॅरेजात रंगात 'हार्डनर' मिसळून तो रासायनिक क्रियेने कडक करतात. कसलेल्या कारागिराच्या हातून हे काम उत्तम होते, यात वाद नाही. पण चांगला मूळ रंग घासून टाकून त्याजागी हा आणणे म्हणजे भाजलेली वीट काढून कच्ची बसवण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर माणसाच्या जिवाचे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. फवारणीच्या वेळी त्यांचा धुरळा श्वासातून आत गेला तर कायमचा दमा जडू शकतो. साधा रुमाल किंवा धुळीसाठीचा मास्क त्यांना अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. मोठ्या वर्कशॉपात बंद खोली असते, हवा ओढून घेणारे पंखे असतात. छोट्या गॅरेजात काय असते, ते मी पाहिले आहे. गोणपाटाचा पडदा, जमिनीवर मारलेले पाणी, आणि तोंडाला रुमाल बांधलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. माझ्याच वयाचा. मामांनी दोन वर्षांपूर्वी स्वतः फवारणी सोडली, कारण जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. आता त्यांनी त्या मुलासाठी चांगला मुखवटा आणला आहे, पण रस्त्यावरच्या दुसऱ्या गॅरेजांत तो नाही. ज्या गाडीला रंगाची गरजच नव्हती तिला आपण केवळ हौसेखातर रंगवून घेतो, तेव्हा त्याची किंमत बिलावर लिहिलेली असते तेवढीच नसते. उरलेली किंमत कोणाच्या तरी छातीत साठते. गरजेचे रंगकाम जरूर करावे, त्यावर त्या मुलाचे पोट आहे. पण ते करून घेताना मुखवटा आहे का, हवा जायला वाट आहे का, एवढे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे. मला तर ते त्याचे कर्तव्य वाटते.

आता राखण्याविषयी. येथे आपल्या महाराष्ट्रातलेच एक उदाहरण देण्याचा मोह होतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची पडझड थांबवावी म्हणून हैदराबादच्या निजाम सरकारने १९२० साली लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा पक्का केला, हे त्यांचे काम मोलाचे ठरले. पण रक्षणासाठी म्हणून चित्रांवर त्यांनी लाखेचे व्हार्निशही चढवले. प्रथम चित्रे उजळली. काही वर्षांनी तेच व्हार्निश पिवळे पडले, काळवंडले, धूळ धरू लागले, आणि जे रक्षक होते तेच चित्राआड येऊन बसले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक वर्षे ते थर जपून जपून काढत बसावे लागले.

अजिंठा कोठे आणि मारुती कोठे, हे मला समजते. पण तत्त्व एकच आहे. रक्षणासाठी जे लावायचे ते पुन्हा काढता आले पाहिजे. जुन्या गाड्या जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ साली टुरिन सनद म्हणून जी तत्त्वे स्वीकारली, ती १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आहेत, आणि व्हेनिसची सनद ही प्राचीन वास्तूंसाठी होती. आहे ते आधी जपावे आणि हात घालावा तो गरजेपुरताच, असा तिचा रोख आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली. उद्या तिचा तो पिवळा नेमका कसा होता असे कोणी विचारले, तर उत्तर छायाचित्रात नीट सापडणार नाही. ते एखाद्या न रंगवलेल्या गाडीच्या टपावरच सापडेल.

या कसोटीवर बाजारातली रक्षक द्रव्ये तपासावीत. जुने म्हणजे मेण. त्यातले नावाजलेले कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडजातीच्या पानांवरून झाडून काढतात. ते काही आठवडे टिकते आणि मग जाते. जाते हा लोक त्याचा दोष समजतात. मी तो गुण समजतो. पाखराची विष्ठा पडली, खारट पाणी वाळले, तर मेण स्वतः झिजते आणि रंग वाचवते, आणि चार आण्यांच्या कष्टांत पुन्हा लावता येते. त्यानंतर कृत्रिम सीलंट आले, ते काही महिने टिकतात. आता सगळीकडे सिरॅमिक कोटिंगच्या पाट्या दिसतात. हे कोटिंग वाईट नाही. ते कडक असते, पाणी झटकून टाकते आणि वर्षानुवर्षे राहते. पण ते सहजी निघत नाही, काढायचे तर पुन्हा घासावे लागते. आणि खालचा रंग नीट न करता ते लावले, तर ओरखडे आणि चट्टे त्याखाली काचपेटीत ठेवल्यासारखे कायम होतात. नव्या, निर्दोष रंगावर ज्याला परवडते त्याने ते लावावे. पंधरा वर्षांच्या विटलेल्या गाडीवर "एकदा लावा आणि विसरा" या बोलीला भुलून लावू नये. विसरा म्हणणाऱ्यापासून एकंदरीत सावधच असावे.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. मेण असो की कोटिंग, ऊन अडवण्याची त्यांची ताकद बेताचीच असते. ऊन अडवते ती सावली. आठ तास उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीपेक्षा साध्या पत्र्याच्या शेडखाली उभी राहणारी गाडी कितीतरी बरी राहते, आणि त्यात रसायनशास्त्र काही नाही. झाडाची सावली चांगली, मात्र वर पाखरांची वस्ती असेल तर विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढावी. ती आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर वाळली की तिचा ठसा रंगात उतरतो. गाडीला आच्छादन घालायचे तर हवा खेळेल असे कापडी घालावे, आणि तेही धुतलेल्या गाडीवर. धुळीवर घातलेले आच्छादन वाऱ्याने हलते आणि पॉलिश पेपरचे काम करते.

धुण्याच्या बाबतीत तर आपण गाडीचे शत्रूच आहोत. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकणे ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडे फडके म्हणजे त्या वाळूचा बोळा. एका बादलीत चार गाड्या पुसणारा माणूस पहिल्या गाडीची वाळू चौथीवर घासतो. त्याऐवजी आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी, दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची, वरून खाली यावे आणि चाके शेवटी धुवावीत. कपड्यांचा सोडा वापरू नये. तो मेण उतरवतो. बोअरचे जड पाणी उन्हात वाळू दिले तर पांढरे क्षाराचे ठिपके बसतात, म्हणून लगेच टिपून घ्यावे. रॉकेलचा किंवा डिझेलचा हात मारून गाडी चमकवणारे ड्रायव्हर अजून भेटतात. ती चमक तासाभराची. नंतर त्या तेलकटपणावर रस्त्याची सगळी धूळ येऊन बसते. दसऱ्याला गाडीची पूजा अवश्य करावी, पण बॉनेटवर काढलेले कुंकवाचे स्वस्तिक आठवडाभर उन्हात तापू न देता दुसऱ्या दिवशी ओल्या कापडाने टिपून घ्यावे. देवाचा त्यात काही अपमान होत नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मूठभर गाडीवाल्यांच्या शोभेसाठी एवढा आटापिटा कशाला? आमच्यापैकी बहुतेकजण एस. टी.ने येतात. मीही एस. टी.नेच येतो. परंतु माझा मुद्दा गाडीपुरता नाही. आपल्याकडे दगडी देवळाला तेलरंग फासतात, सागवानी खांबावर चॉकलेटी रंग चढवतात, जुन्या पाटीवर नवी पाटी ठोकतात, आणि याला जीर्णोद्धार म्हणतात. खाली काय आहे ते पाहण्याआधीच आपला ब्रश बुडालेला असतो. नवा रंग देणाऱ्याचे नाव होते, समारंभ होतो, फोटो निघतो. जो रोज सावलीत उभे करतो, ओल्या कापडाने टिपतो, महिना-दीड महिन्याने मेणाचा हात देतो, त्याचे नाव कोठेच होत नाही, कारण त्याच्या कामाचे यश म्हणजे काहीही न घडणे. तरीही मला वाटते की सुसंस्कृतपणाची खरी परीक्षा येथेच होते.

तेव्हा प्राध्यापकवर्गाला माझी नम्र सूचना आहे. रंगाऱ्याकडे जाण्यापूर्वी एक बादली पाणी आणि एक पांढरे कापड घ्यावे आणि आपला टप ओला करून पाहावा. गंज असेल, पापुद्रे सुटले असतील, तर रंगाऱ्याकडे जरूर जावे, आणि तेथे फवारणी करणाऱ्या मुलाच्या तोंडावर काय आहे ते आधी पाहावे. पण ओल्या कापडाखाली जुना रंग उजळून दिसला, तर पैसे खिशात ठेवावेत. आणि विद्यार्थी मंडळाला दुसरी सूचना : सायकल स्टँडच्या शेडचे पत्रे यंदा बदलायचे आहेतच, ते दहा फूट पुढे न्यावेत. खर्च थोडा वाढेल. पण त्या सावलीत गाड्याही उभ्या राहतील, आणि दुपारच्या तासांना येणाऱ्या आम्हा पोरांच्या सायकलींनाही चटका बसणार नाही.